लोलूचं जेवण

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात ते रुग्णांचा आहार बघत, म्हणून सगळे त्यांना आहारसाहेब म्हणत. कितीही हट्टी रुग्ण असो, आहारसाहेब स्टूल ओढून समोर बसले की मुकाट्याने जेवायचा. (जेवल्याशिवाय हे उठणार नाहीत, हे त्याला कळून चुकायचं.) त्यामुळे लेक आठ दिवस प्रशिक्षणाला निघाली आणि लोलूला मैत्रिणीकडे ठेवते म्हणाली, तेव्हा त्यांना ते फार लागलं.

"मैत्रिणीकडे? अगं, मी शेकडो माणसांना जेवू घालतो!"

लोलू म्हणजे तिचा अ‍ॅक्सोलॉटल. पाण्यात राहणारा, वीतभर, गुलाबी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले. "दिवसाआड एक गांडूळ दे, बाबा. आणि टाकी हलवू नकोस," एवढंच सांगून ती गेली.

आहारसाहेबांनी पहिलं काम काय केलं, तर टाकी हलवली. रुग्णाला उजेड हवा, चार माणसं दिसायला हवीत, म्हणून ती लेकीच्या खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातून थेट बैठकीच्या खिडकीशी आली.

लोलूने गांडुळाकडे ढुंकून पाहिलं नाही. साहेबांनी स्टूल ओढलं. चमच्याने काच वाजवली, "आऽऽ कर, राजा" म्हणत स्वतः आ वासला, मग त्याला चव यावी म्हणून त्याच्यादेखत चार बिस्किटं खाल्ली. लोलू नुसता बघत राहिला.

"बघ, ऐकतोय," ते बायकोला म्हणाले.

"त्याला पापण्या नाहीत हो," बायको म्हणाली. "नाहीतर कधीच डोळे मिटून घेतले असते."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "जेवला?"

"जेवला की! आणखी मागत होता." (बोलून गेले खरे. मग मागे कसं फिरणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर लोलूचं वजनही वाढवलं.)

पाचव्या दिवशी लोलूचे कल्ले आक्रसले, तेव्हा बायकोने त्याला झाकणाच्या बादलीत घातलं आणि दोघांनाही प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"टाकी कुठे असते?"

"खिडकीशी," साहेब म्हणाले.

"काच कोणी वाजवतं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"चमच्याने," साहेब पुटपुटले. "दिवसातून पाचदा."

"याला आजार नाही, हा घाबरलाय. गार पाणी, अंधार, शांतता," बाई लिहू लागल्या. मग पेन साहेबांकडे रोखून म्हणाल्या, "आणि हे याला दिसता कामा नयेत." तेही त्यांनी कागदावर लिहिलं.

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, लोलू काय म्हणतोय?"

'मजेत' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मांडीवर बादली होती. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाळ, तो पाच दिवस उपाशी आहे. मी तुझ्याशी खोटं बोललो."

ती रागावली असती तरी बरं वाटलं असतं. "बरं," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

टाकी परत लेकीच्या खोलीत गेली आणि आहारसाहेब स्वतःच्या घरात चवड्यांवर चालू लागले. दोन दिवस त्यांनाही जेवण गेलं नाही. तिसऱ्या सकाळी खोलीतून बायकोची दबकी हाक आली, "अहो, धरलं! गांडूळ धरलं त्याने!"

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी लेकीला फोन लावला. "बाळ, जेवला! अगदी खरं सांगतोय, लोलू जेवला!"

"खरंच?" तिचा आवाज क्षणभर उजळला. मग ती जरा सावध झाली. "मग दाखव ना. व्हिडिओ लाव."

साहेब धावत खोलीत शिरले. बायकोने हातवारे केले, पण आनंदात दिसतंय कोणाला? त्यांनी फोन काचेशी धरला, शेजारी स्वतःचं हसरं तोंड. अर्धं गांडूळ लोलूच्या तोंडात होतं. त्याने साहेबांकडे पाहिलं, आणि ते सावकाश बाहेर थुंकून टाकलं.

लेकीच्या फोनवर चित्र उमटलं तेव्हा तळाशी अख्खं गांडूळ पडलेलं होतं.

"बाबा," लेक म्हणाली, "पुन्हा?"