माप सांगायचं नाही म्हणून

दीक्षाच्या नर्सरीने पानशेतच्या काठावर आईवडील आणि मुलांचं एका रात्रीचं कॅम्पिंग ठरवलं, त्याला माझी काही हरकत नव्हती. (म्हणजे होती. साप, पाणी, थंडी आणि उघड्यावरची खिचडी. पण हे सगळं मी फक्त धम्मदीपला सांगितलं आणि नवऱ्याच्या अधिकारात तो ‘बघू’ म्हणाला.)

मग पालकांच्या ग्रुपवर वरदच्या आईने कल्पना मांडली. (तिचं नाव उल्का आहे हे मला सहामाही उलटल्यावर कळलं. त्या ग्रुपवर कुणालाच स्वतःचं नाव नाही.) सगळ्या आयांनी एकसारखे पिवळे टी-शर्ट घालायचे, म्हणजे मुलांना आपापली आई लांबून ओळखू येईल. सगळ्याच पिवळ्या झाल्यावर आपापली कशी ओळखू येणार, असं मला विचारायचं होतं. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. पण तेवढ्यात तिने साईजचा पोल टाकला आणि तो प्रश्न मागे पडला.

पोलमध्ये कुणी काय निवडलं हे नावासकट सगळ्यांना दिसतं. बघता बघता एस आणि एमचे ढीग लागले. एक एल आला, तोही सोबत लाजणारा चेहरा लावून. आता माझं बाळंतपणाचं वजन अजून तसंच आहे. बाळ चार वर्षांचं झालं, पण वजनाला ते कुणी कळवलेलं नाही. माझा अंगठा एक्सएलच्या वर घिरट्या घालून परत आला आणि मी टाईप केलं, ‘मी माझा घरीच शिवते ना! कम्फर्टेबल पडतो.’

दहा बदाम आले. एकीने ‘सुपरमॉम’ म्हटलं. मी आयुष्यात शेवटचं शिवलं होतं ते धम्मदीपच्या शर्टाचं बटण, आणि त्यात त्याचा खिसा बंद झाला होता.

घरात मशीन आहे, सासूबाईंचं. दर बुद्धपौर्णिमेला आमच्या सगळ्यांचे पांढरे कपडे त्या त्यावर शिवतात. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांचं बोलणं अजून ट्रंककॉलच्या दराने, शब्द मोजून चालतं. मी मशीन मागितलं तेव्हा त्यांनी टेप पुढे केली.

“माप घेऊ ये.”

“नको आई, अंदाजाने शिवते.”

“अंदाजाने गोधडी शिवतात, पायल.”

पण टेप एकदा माझ्या कमरेभोवती फिरली, की आकडा त्या मोठ्याने वाचणार आणि तो मामंजींपासून खालच्या वॉचमनपर्यंत जाणार. मी नाहीच म्हटलं.

कापडासाठी रविवार पेठेत गेले.

“पिवळं होजिअरी दाखवा. टी-शर्टसाठी.”

“वजन?” दुकानदाराने विचारलं.

“ते कशाला हवंय?”

“कापडाचं हो. होजिअरी वजनावर मिळतं.”

“मग... पाव किलोत होईल?”

“कुणासाठी?”

“मैत्रिणीसाठी.”

“केवढी आहे?”

“साधारण माझ्याएवढी.”

त्याने चष्म्यावरून मैत्रिणीला एकदा नीट पाहून घेतलं आणि अर्धा किलो कापलं.

व्हिडिओतली बाई म्हणत होती, अंगाला नीट बसणारा एखादा टी-शर्ट कापडावर ठेवा आणि कडेने आखा. मला नीट बसणारे सगळे टी-शर्ट दीक्षाच्या जन्माआधीचे. म्हणून मी धम्मदीपचा घेतला आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं वाढवली. (कुणाची बोटं, हा प्रश्न उरतोच. आखायला दीक्षाही मदत करत होती.) मग शिवायला बसले. ते कापड हातात मऊ, शहाणं वाटतं, पण मशीनखाली गेलं की पळतं. ते पळालं की मी ओढत होते, मी ओढलं की ते लांबत होतं. शेवटी खालच्या कडेला लाटा उठल्या.

“झालर मुद्दाम केलीस?” सासूबाईंनी विचारलं.

“हो.”

“छान. पुढची वेगळी, मागची वेगळी.”

घालून बघितला. बसला! मी आनंदाने हात वर केले आणि काखेत कट् कट् आवाज आला. कापड ताणलं जात होतं, माझी सरळ शिलाई नाही. तिथे पुन्हा टाके घातले आणि धम्मदीपचा सल्ला घेतला. तो म्हणाला, “हात खाली ठेव. कॅम्पला हात वर करायचं काम काय?”

म्हणून पानशेतला मी दिवसभर पेंग्विनसारखी वावरले. तंबू बांधताना कौतुकाने बघत उभी राहिले. टाटा फक्त मनगटाने केला. दीक्षा ‘उचलून घे’ म्हणाली, तर तिला स्वावलंबनाचं महत्त्व सांगितलं. आया येऊन कापडाला हात लावून गेल्या. झालर सगळ्यांना आवडली. माझी साईज कुणालाही कळली नाही, आणि माझ्या मते मोहीम फत्ते होती.

संध्याकाळी कॅम्पवाल्या ताईंनी खेळ काढला. मुलांनी डोळे मिटायचे, आयांनी मैदानात पांगायचं, हात वर करून हलवायचे आणि मुलांनी आपली आई शोधायची. डोळे उघडले तेव्हा मैदानभर पिवळंच पिवळं. हलणाऱ्या हातांकडे मुलं धावली. माझे हात खाली होते. दीक्षा एका पिवळ्या आईपाशी गेली, वर बघून परत फिरली. दुसरीपाशी गेली. मग मैदानाच्या मधोमध एकटीच उभी राहिली आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला.

तो ओठ मला माहीत आहे. मी दोन्ही हात पूर्ण वर केले आणि ओरडले, “दीक्षा! इकडे!”

शिलाई काखेपासून कमरेपर्यंत गेली, दोन्ही बाजूंनी. दीक्षा धावत आली, थबकली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाली, “माझी आई फाटली!”

धम्मदीपने टॉवेल गुंडाळला. तेवढ्यात पलीकडून, तंबूंच्या रांगेच्या त्या टोकाकडून वरदच्या आईचा खणखणीत आवाज आला.

“अरे, दीक्षाच्या आईचा डबल एक्सएल कुठल्या बॅगेत ठेवलाय?”

तिने पिशवी आणून माझ्या हातात दिली. मी घरी शिवते म्हटलं, त्याच दिवशी तिने माझ्या नावाचा एक जास्तीचा मागवून ठेवला होता. मी कसंबसं विचारलं, “पण मी तर साईज सांगितलीच नव्हती.”

“अगं, दिसते की.”

तंबूत जाऊन घातला. (मी स्वतःला एक्सएल समजत होते, हेही त्या निमित्ताने समजलं.) कुठे ओढत नव्हता, कुठे लोंबत नव्हता, हात वर करून बघितले तर काही तुटलं नाही. इतका मापातला कपडा मला लग्नातही मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हडपसरला घरी पोचले तेव्हा तोच अंगात होता. सासूबाईंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “नंतर नीट केलास वाटतं. बसलाय हो चांगला.”

लग्नाला सहा वर्षं झाली, हे पहिलं कौतुक. झालेला प्रकार सांगावा असं मनात आलं होतं, पण तोंडातून निघालं, “हो आई, थोडा सराव लागतो.”

“फिर बघू.”

मी फिरले. त्यांनी मानेजवळची गळ्याची पट्टी उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि ट्रंककॉलचा दर विसरून, मामंजींपासून खालच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

“डबल एक्सएल. मेड इन तिरुप्पूर. हे लेबलही तूच शिवलंस का गं?”