उद्घाटनापूर्वी पाणी पिऊ नये

आमचा सुनील अध्यक्ष झाल्यापासून घरात पाणी मागत नाही. पाण्याचा विषय मांडतो. "आई, पाण्याचं जरा बघावं लागेल," असं म्हणून खुर्चीत बसतो आणि कुणीतरी बघेल याची वाट पाहतो. पोटचा आहे म्हणून बोलते. माणसाला पद मिळालं की त्याला तहान कळेनाशी होते, आधी दुसऱ्याची आणि मग स्वतःची, हे शास्त्रानं सिद्ध झालेलं आहे. (शास्त्र कुठलं ते विचारू नये. मी चौथीपर्यंत शिकले. चौथीच्या पुस्तकात ते नव्हतं, तेव्हा पाचवीच्या असणार.)

अध्यक्ष म्हणजे कशाचा, तर उन्हाळी श्वान सुरक्षा व आरोग्य समितीचा. पाथर्डी तालुक्यात आमचं गाव, एप्रिलातच बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं, कुत्री मागे राहतात. उन्हात त्यांचे हाल होतात हे खरं आहे, आणि कुणीतरी काहीतरी करायला हवं हेही खरं. सुनीलनं केलं. समिती केली. गावात कुत्री चौदा, समितीत सदस्य सतरा. म्हणजे दर कुत्र्यामागे एक सदस्य, वर तीन राखीव. एवढी सोय माणसांच्या दवाखान्यात नाही.

चौदातलं एक माझ्या ओट्यावर. झिपऱ्या. ऊसतोडीला गेलेल्या सूर्यभानचा कुत्रा, वय वर्षं अकरा, अंगावर केस इतके की पुढचं तोंड कुठलं हे शेपटी हलल्यावरच कळतं. टोळी निघाली तेव्हा सूर्यभानची बायको सविता त्याला माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, "आजी, आमी येईस्तवर एवढं सांभाळा. पोरीचा जीव हाय ह्याच्यात."

मी म्हटलं, "जा निवांत. आलीस की शेपटीसकट मोजून घे."

बहात्तर वर्षांत दिलेला शब्द मी एकदाच मोडला आहे, तोही नवऱ्याला दिलेला, त्यामुळे तो धरत नाहीत. झिपऱ्याला मी कसं सांभाळलं तर लिंबाच्या सावलीत बांधलं, रांजणाच्या ओलाव्यापाशी. एक घमेलं पाणी, दिवसातून दोनदा बदललेलं. सकाळी ऊन चढायच्या आत एक चक्कर, संध्याकाळी जमीन निवल्यावर दुसरी. सुनीलनं पाहणी केली आणि माझं काम "चांगलं पण असंघटित" आहे असा शेरा मारला.

संघटित काम कसं असतं ते मग गावानं पाहिलं. आधी नियमावली झाली, चार पानांची. मी वाचली. (मला वाचता येतं, सावकाश.) त्यात चूक एकही नव्हती, तेव्हाच माझ्या मनात शंका आली. नियम एक, कुत्र्यास सकाळी आठच्या आत व सायंकाळी सहानंतरच फिरवावे. (आमच्याकडे कुत्र्याला कुणी फिरवत नाही, तोच गावाला फिरवतो, पण असो.) नियम दोन, डांबरावर पालथा हात ठेवून पाच आकडे मोजावेत, हाताला सोसत नसेल तर पंजालाही सोसत नाही असे समजावे. या कामी उपाध्यक्षांचा हात वापरावा असा ठराव झाला. उपाध्यक्ष म्हणजे माझा पुतण्या भिमाजी. तो रोज दुपारी बारा, एक, दोन आणि तीन वाजता एसटी थांब्यापुढे हात भाजून घेई आणि वहीत 'गरम' असं लिही. शंभर टक्के नोंदी जुळल्या. पत्र्याखाली बांधू नये, बंद जीपमध्ये ठेवू नये, भर उन्हात पळवू नये, सगळं होतं. आणि नियम सात, सर्वांत मोठा: पिण्याचे पाणी सावलीत व सदैव उपलब्ध असावे.

या नियमासाठी सिमेंटची कुंडी आली. तीन एप्रिलला एसटी थांब्यापाशी बसवली. पाणी मात्र भरलं नाही, कारण उद्घाटन व्हायचं होतं आणि नगरच्या साहेबांनी एकवीस तारीख दिली होती. बरोबरच आहे. पाणी भरलं असतं तर कुत्री प्याली असती, आणि एकदा प्यालेल्या पाण्याचं उद्घाटन कसं करणार? अठरा दिवस कुंडी कोरडी ठणठणीत उभी होती. कुत्री यायची, आत डोकं घालून वास घ्यायची, समितीच्या कार्याविषयी मत बनवायची आणि माझ्या घमेल्यावर यायची. समितीच्या अहवालात याची नोंद 'श्वानांमध्ये उत्सुकता' अशी आहे.

एकवीस तारखेला मी दळण घेऊन गिरणीत गेले होते. परत आले तर लिंबाखाली नुसतं घमेलं. दाराला चिठ्ठी: 'ज्येष्ठ श्वान झिपऱ्या यांना उत्सवमूर्ती म्हणून नेत आहे. कळावे. अध्यक्ष.' सख्ख्या आईला. खाली सही.

टोळीचा ट्रक चार दिवसांनी यायचा होता. मी पिठाचा डबा तसाच ओट्यावर ठेवला आणि निघाले.

थांब्यापाशी शोभा काय वर्णावी! मांडव होता. मांडवात सोफा, सोफ्यावर पाहुणे नव्हते, पण त्यांच्यावर दोन मोठे पंखे सुरू होते. (पाहुण्यांची वेळ दहाची. पावणेएक झाले होते. येण्याची खात्री असल्यामुळे पंखे बंद करणं बरं दिसलं नसतं.) मागे फ्लेक्स, त्यावर तेवीस माणसांचे फोटो आणि खाली कोपऱ्यात एक कुत्रा, तोही इंटरनेटवरून घेतलेला, बर्फात उभा. फ्लेक्सची सावली मागच्या गटारात पडली होती. कुंडी काठोकाठ भरलेली. तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर झेंडूचा हार, चारी बाजूंनी लाल रिबीन, आणि पाटी: 'उद्घाटनापूर्वी पाणी पिऊ नये.' तेरा कुत्री जिभा काढून अर्धगोल बसली होती. वाचता येत असावं, कारण एकही पुढे सरकत नव्हतं. किंवा मग भिमाजीच्या हातात काठी होती म्हणून.

चौदावा झिपऱ्या. मांडवाच्या खांबाला बाहेरच्या अंगाला बांधलेला, फोटोला उजेड हवा म्हणून उन्हात. गळ्यात हार. आणि अंगावर शाल.

लोकरीची.

सत्काराला शाल लागतेच. कुत्र्याच्या अंगावर आधीच एक आहे हे समितीच्या लक्षात आलं नसावं.

माईकवर रखमाजी गुरुजी, समितीचे सचिव, वेळ काढायला नियमावलीचं शेवटचं पान वाचत होते. उष्माघाताची लक्षणं. त्यांचा आवाज चांगला, उच्चार स्पष्ट. "लक्षण पहिले. जोरजोराने धापा टाकणे!" झिपऱ्या धापा टाकत होता. "लक्षण दुसरे. तोंडातून चिकट लाळ गळणे!" झिपऱ्याची लाळ शालीवर गळत होती. "लक्षण तिसरे. हिरड्या लालभडक होणे व तोल जाणे!" झिपऱ्याचे मागचे पाय वाकडे झाले आणि तो कुशीवर कोसळला.

मांडवानं टाळ्या वाजवल्या.

सतराही सदस्यांनी. बायकांनीसुद्धा. "काय शिकवलंय कुत्र्याला," असं कुणीतरी म्हणालं. निम्म्यांनी मोबाईल काढले. गुरुजींनी चष्मा वर करून एकदा पाहिलं, खूश झाले आणि म्हणाले, "प्रात्यक्षिक उत्तम! लक्षण चौथे..."

चौथ्याची वाट मी पाहिली नाही. मध्ये रिबीन आहे हे मी विसरले आणि आठवलं असतं तरी मी वाकले नसते. ती माझ्या पोटाला लागून तुटली. ताडपत्री ओढली, हार गेला गटारात.

भिमाजी काठी आडवी धरून पुढे. "काकी, काकी! अजून उद्घाटन न्हाई झालं!"

"झालं. आता झालं. धर ती शाल, अन् तुझ्या अंगावर घे, लई भाग्यवान हायेस."

झिपऱ्याच्या अंगावरची शाल भिरकावली, दावं सोडलं. उचलायला दोघं लागले असते, मी एकटीनं ओढला. थेट मांडवात, लाल गालिच्यावर, पाहुण्यांच्या सोफ्यापुढे. दोन्ही पंखे वळवले त्याच्याकडे. चंबूनं कुंडीतलं साधं पाणी घेतलं आणि पोटावर, काखेत, पंजांवर ओतत राहिले. कुणीतरी कोल्ड्रिंकच्या टपातला बर्फ घेऊन धावलं.

"बर्फ नको!" हे मी नाही, गुरुजी माईकवरून ओरडले. "नियम अकरा! एकदम बर्फ लावू नये!" मग त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि माईक खाली ठेवून माझ्याबरोबर पाणी ओतायला बसले. सतरांतला एक माणूस तिथे मला सापडला.

सुनील मात्र उभाच. "आई, साहेब भिंगारपर्यंत आलेत," एवढंच म्हणत होता.

"मग त्यांना सांग, येताना पाणी आणा. हितलं संपतंय."

संपतच होतं. तेरा कुत्री कुंडीवर तुटून पडली होती. कोणी पाय आत घातले, कोणी सगळं धूड. साहेब आले तेव्हा कुंडी बुडाशी कोरडी होती आणि तिच्यात एक पिवळं कुत्रं झोपलं होतं. समितीनं रिबिनीला गाठ मारून ती पुन्हा ताणली, साहेबांनी कापली, भाषण केलं. विषय होता 'थेंबाथेंबाचं महत्त्व'. इतिवृत्तात 'कार्यक्रम वेळेवर व यशस्वीरीत्या पार पडला' असं आहे. मी ते दोनदा वाचलं. एकच शब्द खोटा निघाला असता तर बरं वाटलं असतं, पण सहाही निघाले.

झिपऱ्यानं पंधरा मिनिटांनी डोळे उघडले. जीपच्या काचा खाली करून पाथर्डीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. त्यांनी सुई दिली, सलाईन लावलं आणि विचारलं, "आजी, पोटावर पाणी ओतायचं, सावलीत न्यायचं, हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "चौथीपर्यंतच शिकले, साहेब. तेवढ्यात भागतं."

चौथ्या दिवशी ट्रक आला. सविता उतरली ती थेट ओट्यावर. झिपऱ्यानं लिंबाखालूनच शेपटी हलवली. तिनं ती खरंच हातात धरून पाहिली. "मोजली का?" म्हटलं. "मोजली, आजी," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत पाणी प्यायला गेली. मला शब्दातून मोकळं झाल्यासारखं वाटलं.

व्हिडिओ मात्र फिरला. झिपऱ्या कोसळतो आणि टाळ्या वाजतात तेवढाच तुकडा. भिमाजीनं मोजलं, एकतीस हजार लोकांनी पाहिला. खाली सगळ्यांचा एकच प्रश्न, 'अरे, त्याला पाणी द्या कुणीतरी.' एकतीस हजार लोकांना एवढी कळकळ! समितीनं त्याचा अभिनंदनाचा ठराव केला.

काल सुनील माझ्या सत्काराचं विचारायला आला. शाल घेऊन. मी ओट्यावर बसून हेच लिहीत होते. त्यानं खांद्यावरून सगळं वाचलं, कान लाल झाले.

"आई, हे लोक वाचतील. हसतील मला."

"हसू देत की," म्हटलं. "तू चुकलास, सुनील. तुझ्यापायी कुत्रं मरत हुतं, हे मी मरेस्तवर बोलणार. पण कुंडी तू आणलीस. उद्घाटनापायी अडवलीस, तरी आणलीस. हे वाचणारे बघ, पंख्याखाली बसून पहिल्या ओळीपासून तुला हसत्यात, अन् त्यांच्या दारातलं कुत्रं बाहेर जीभ काढून बसलंय. एक तरी उठला का भांडं भरायला? तू आपला साधा अध्यक्ष, बाबा. खरी समिती ही. जा, शाल ठेव कपाटात, अन् घमेलं भरून आण."