आमचा फोन आणि आदिनाथचा वॉकमन

आमच्या घरी फोन आहे! चौऱ्याण्णव साली सावेडीत हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायचो. सहा वर्षं वाट बघून मिळालेला फोन, तो काय गुपचूप वापरायचा? अख्ख्या गल्लीने पाहुण्यारावळ्यांना माझाच नंबर दिलेला, पुढे 'पीपी' लिहून. म्हणजे फोन माझा, निरोप त्यांचा आणि रुबाब पुन्हा माझा!

अशात समोरच्या आदिनाथने वॉकमन आणला. बँकेतला साधा क्लार्क, पण कमरेला ती डबी आणि कानात वायरी अडकवून पोळ्याच्या बैलासारखी मान हलवायला लागला. झालं! गल्ली माझी बैठक सोडून त्याच्या ओट्यावर!

"भाऊसाहेब, ऐकून तर बघा!"

"हॅट्! आमचा फोनसुद्धा गातो!" मी बोलून गेलो.

आता त्याला गायला लावायचं कसं? कॅसेटच्या दुकानातला गोरक्षनाथ माझा दोस्त. त्याला म्हटलं, "रविवारी दहाला फोन करतो. तू रिसीव्हर टेपपुढे धर."

रविवारी बैठकीत ही रांग! पहिला मान शेजारच्या कडूबाईंना. त्यांची लेक जयमाला दुसऱ्या बाळंतपणाला सासरीच होती, संगमनेरला. सकाळीच तिला दवाखान्यात नेल्याचा निरोप आलेला. थोरल्या नातीला सांभाळत कडूबाई इथे अडकलेल्या. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला.

"ह्यात तर कढईत कांदा परतल्यागत आवाज येतोय! आन् भाऊसाहेब, जावयाचा फोन यायचा हाय. लाईन मोकळी करा की!"

"दोनच मिनिटं हो!"

ती दोन मिनिटं पाऊण तास चालली. सगळ्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि एकमताने सांगितलं, वॉकमनच बरा. मी रिसीव्हर आपटला.

"फोनपाशीच बसा हां, हलू नगा," कडूबाई जाताना म्हणाल्या. "जीव टांगणीला लागलाय माझा."

"बेल वाजली की मी तुमच्या दारात! शब्द दिला!"

आदिनाथ भला माणूस. माझा पडलेला चेहरा बघून त्याने वॉकमन टेबलावर ठेवला. "राहू द्या संध्याकाळपर्यंत. निवांत ऐका."

मी? ऐकणार? छे! ही माहेरी गेलेली, घरात मी एकटाच. पाच मिनिटं वॉकमनकडे बघितलं नाही. सहाव्या मिनिटाला कुणी बघू नये म्हणून दाराला कडी घातली.

अरे देवा! काय ती ढोलकी! डाव्या कानातून उजव्या कानात उड्या मारत होती! मी आवाज वाढवला, डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला, आणि गायलासुद्धा लागलो म्हणे. हे नंतर गल्लीने सांगितलं.

अचानक बरगडीत काहीतरी टोचलं. डोळे उघडतो तर खिडकीच्या गजांतून झाऱ्या आत आलेला! झाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कडूबाई आणि त्यांच्यामागे उभी गल्ली. सगळ्यांची तोंडं हलताहेत, आवाज शून्य! मला वाटलं, गाणं ऐकायला आले बिचारे. मी हसून हात हलवला. शेवटी आदिनाथने स्वतःचे दोन्ही कान धरून दाखवले, तेव्हा मी वायरी काढल्या.

ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

"मेला तिसऱ्यांदा वाजतोय! दार उघडा!"

मी पडत-झडत कडी काढली. कडूबाई झाऱ्यासकट फोनवर झेपावल्या आणि बेल थांबली. कडूबाईंचे डोळे भरून आले. बाईने माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि मी इथे ठेका धरून बसलो होतो. मला माझीच इतकी लाज वाटली की विचारू नका. कुणी मला शिव्या देईल तर बरं, असं झालं.

पुन्हा ट्रिंग! कडूबाईंनी झडप घातली.

"हॅलो! व्हय, मीच... कवा? बरी हाय ना माझी जयमाला?" आणि त्या खाली फरशीवरच बसल्या. हसत होत्या, रडत होत्या. "पोरगी झाली! मायलेकी सुखरूप हायत!"

गल्लीने टाळ्या पिटल्या. मीही डोळे पुसले. तिकडून जावयाने काहीतरी विचारलं असावं, कारण कडूबाईंनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. वायरी अजून माझ्या गळ्यातच होत्या.

"न्हाई, न्हाई जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "लाईनीचा काई दोष न्हाई. फोन लई चांगला हाय. पुढच्या टायमाला मात्र पत्रच टाका!"