सर्व हेडर हिरवे

बिबवेवाडीतल्या एका तपासणी केंद्रात कुसुमताईंच्या गुडघ्याचा स्कॅन रीतसर काढण्यात आला आणि केंद्राच्या संगणकाने तो तितक्याच तत्परतेने मार्केट यार्डातल्या बद्रीनाथशेठ नावाच्या कांदा व्यापाऱ्याच्या खात्यात ठेवला. शेठजींचं पोट दुखत होतं. त्यांना गुडघ्याच्या गोळ्या मिळाल्या. शेठजींच्या पोटाचा स्कॅन कुसुमताईंच्या खात्यात गेला, म्हणून त्यांना 'आतडी झकास' एवढा दिलासा मिळाला. ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, "गुडघा दिसल्याशिवाय मी हात लावणार नाही."

आता गंमत बघा. ती साठवणीची यंत्रणा बनवणाऱ्या हिंजवडीच्या कंपनीतच कुसुमताईंचे चिरंजीव आमोद नोकरीला. म्हणजे आईचा गुडघा घरच्याच माणसाने हरवलेला.

"अरे, मला जिना उतरवत नाही," कुसुमताई फोनवर म्हणाल्या. "तुमचं ते मशीन एकदाचं सरळ करा बाबा."

आमोदने मनापासून शोध घेतला. संगणकांच्या जाळ्यावरून जाणाऱ्या प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर एक हेडर असतो. खालचा मजकूर, म्हणजे इथे स्कॅन, कुणाचा आणि कुठे ठेवायचा, एवढंच तो सांगतो. वाटेत त्यातला एक आकडा बिघडला, की गुडघा कांद्याच्या घरी. उपाय सोपा होता. हेडरवरून हिशेब करून एक पडताळणीचा आकडा काढायचा आणि तो हेडरलाच जोडायचा. पोचल्यावर पुन्हा हिशेब करायचा. जुळला नाही, तर निरोप पुन्हा मागवायचा. आठवड्याभराचं काम.

व्यवस्थापक दिग्विजयसर खूश झाले आणि तिथेच घात झाला, कारण खूश झालेला व्यवस्थापक समिती नेमतो.

"पडताळणीचा आकडा बरोबर आहे, हे कोण पडताळणार?" गुणवत्ता विभागाच्या कादंबरी मॅडमनी विचारलं. प्रश्न रास्त होता. म्हणून आकड्याचा आकडा आला. मग सुरक्षा विभागाला स्वतःचा वेगळा आकडा हवासा वाटला. कायदा विभागाने 'चूक झाल्यास कंपनी जबाबदार नाही' ही ओळ घालून तिचीही पडताळणी मागितली. लग्नपत्रिकेत एका आत्याचं नाव घातलं की बाकीच्या आत्या रुसतात, तसं झालं. कुणालाच वगळता येईना.

निरोपाचा आकार मात्र ठरलेला. हेडर फुगला, की मजकुराने मुकाट सरकून बसायचं.

"अहो मॅडम, मजकुराला जागाच उरत नाहीये," आमोद काकुळतीला येऊन म्हणाला.

"चूक कशात सापडली होती? हेडरमध्येच ना? मजकुराबद्दल एक तरी तक्रार आहे का आपल्याकडे?"

नव्हती.

अखेर चाचणी झाली. एकही निरोप चुकला नाही. सगळे हेडर हिरवे! टाळ्या थांबल्यावर आमोद हळूच म्हणाला, "सर, पण निरोप रिकामा जातोय."

"योग्य ठिकाणी जातोय ना?" दिग्विजयसर म्हणाले.

आमोदला फार वाईट वाटलं. संध्याकाळी बढतीचं पत्र हातात पडलं, तेव्हा ते वाटणं बरंच कमी झालं.

नवी यंत्रणा बसली. कुसुमताई रिक्षाने जाऊन पुन्हा स्कॅन काढून आल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो पडद्यावर उघडला. नाव बरोबर, वय बरोबर, प्रत्येक पडताळणीपुढे हिरवी खूण. खाली पांढरं शुभ्र. डॉक्टरांच्या दाराबाहेर पेशंटांची रांग लागली होती.

"सगळं हिरवं आहे आजी. ऑपरेशनची गरज नाही. पुढचे!"

कुसुमताई घरी परतल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवरच बसल्या. पाय पुढे टाकवेना. तेवढ्यात फोन वाजला. हिंजवडीच्या चौकात कंपनीची बस अडकली होती, म्हणून आमोदला आईची आठवण झाली होती.

"आई, रिपोर्ट आला ना? सगळं हिरवं आहे, मी इथून पाहिलं. कशी आहेस?"

कुसुमताईंनी गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. पोराला उगाच घोर नको.

"बरी आहे रे."

जुळलं. आमोदने निश्चिंत मनाने फोन ठेवला.

हसताय काय? तुम्ही आईला शेवटचा फोन केलात, तेव्हा 'बरी आहे'च्या खाली काय होतं, पाहिलं होतंत?