पेशीचा पडदा राहून गेला

शुक्रवारी सकाळी, केक येण्याच्या तासभर आधी, तूवाला आपली चूक सापडली.

स्वीडनमधल्या उप्सालाच्या विद्यापीठात ती औषधांचे रेणू संगणकावर तपासायची. पेशीच्या पडद्यात रुतून बसलेलं एक प्रथिन. त्याला एखादा रेणू किती घट्ट चिकटेल, एवढाच प्रश्न. भोवतालच्या पाण्याचा कण न् कण मोजत बसलं तर जन्म जाईल, म्हणून पाणी सगळीकडे एकसारखं आहे असं धरून चालायचं. मात्र प्रथिनाच्या कमरेभोवती पडदा आहे आणि तो लोण्यासारखा स्निग्ध आहे, हे संगणकाला वेगळं सांगावं लागतं. तूवा नेमकं तेच विसरली होती. बिचारं प्रथिन उघड्या पाण्यात उभं होतं आणि रेणू त्याला बुडत्या माणसासारखा बिलगला होता.

आकडा इतका झकास आला, की तिची प्राध्यापिका गुनवोर तो लगेच विभागप्रमुखांना सांगून आली. वरच्या मजल्यावरच्या हेनिंगने रेणू प्रयोगशाळेत तपासला, तर त्याचंही उत्तर तंतोतंत जुळलं. मग काय, विभागप्रमुखांनी सगळ्यांना कॉफीला बोलावलं आणि हिरव्या मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या गोड लगद्याचा, मोठा केक मागवला.

तूवाने घाईघाईने पडदा घालून गणित पुन्हा केलं. रेणू आता जेमतेम टेकत होता, बसमध्ये अनोळखी माणसाशेजारी बसावं लागल्यासारखा.

ती धावतच वर गेली. “हेनिंग, तुझं उत्तर माझ्याशी जुळलंच कसं? माझं तर साफ चुकलंय!”

हेनिंगने हातातली कॉफी खाली ठेवली. “चुकलंय? नक्की?”

“पडदाच घातला नाही मी!”

त्याने फ्रिजमधून बाटली काढली आणि तिच्यावरची चिठ्ठी वाचली. “तूवा... हा तुझा रेणू नाहीच. हे याच प्रथिनावरचं, बाजारातलं जुनं औषध आहे. मी शेजारची बाटली उचलली.”

“आणि पुन्हा तपासलं नाहीस?”

“तपासणार होतो. पण तुझ्या आकड्याशी जुळलं ना.” त्याचे कान लाल झाले. “तुझं चुकेल, असं मनातच आलं नाही माझ्या.”

तूवाला रागवायचं होतं, पण जमेना. “वेडाच आहेस,” ती हळूच म्हणाली. “चल, दोघं मिळून सांगू.”

गुनवोर खोलीत एकटीच होती.

“गुनवोर, तू जरा बस.”

“बसलेलीच आहे गं.”

तूवाने एका दमात सगळं सांगितलं. हेनिंगने आपली बाटली त्यात जोडली. गुनवोरने चष्मा काढला.

“म्हणजे रेणू चिकटत नाही?”

“नाही.”

“अजिबात?”

“माफ कर. तुझी इतक्या वर्षांची मेहनत...”

“थांब, थांब! अगं, असा रेणू सोडून निवृत्त कशी होतेस, म्हणून प्रमुखाने मला आणखी तीन वर्षं थांबायला लावलं होतं. मला नाही म्हणता येईना!” तिचे डोळे भरून आले. तिने दोघांनाही जवळ ओढलं. “पोरांनो, अगदी देवासारखे चुकलात.”

मग तिने नवऱ्याला फोन लावला. “रागनार? आपली बोट विकू नकोस. निवृत्त होऊन फिरायला येतेय मी.”

तेवढ्यात खालून कॉफीची हाक आली. तिघं जिन्यात थबकली.

“प्रमुखांना कोणी सांगायचं?” हेनिंग कुजबुजला.

“मी सांगते,” गुनवोर म्हणाली. “पण आधी केक कापू दे.”