विषाणूच्या खांद्याचं माप

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण कोरोनाच्या नव्या अवताराचं माप मी स्वतः घेतलंय! जन्मभर शिंपीकाम केलं. गिऱ्हाईक कपडे बदलून आलं, तरी मी खांद्याच्या उतारावरून ओळखतो.

परवा लसीकरण केंद्रात शेजारच्या खुर्चीवरून बायको ताडकन उठली. तिला दमा. चार पायऱ्या चढली तरी छाती भात्यासारखी वाजते, आणि इकडे माझा जीव वरखाली होतो.

"दोन डोस घेऊनही आजार घरात शिरलाच ना? मग ही तिसरी सुई कशाला? मी चालले!"

आली का पंचाईत! मी सरळ गोष्टच सुरू केली.

"अगं, त्याच तापात तर मला सगळं आतलं दिसलं! विषाणू आला नवा कोट घालून. दारावरचे पहारेकरी जुना कोट शोधत बसले, हा सटकला आत! पण आत लसीनं तयार केलेले शिंपी होते. म्हणाले, 'कोट नवा असेल, खांदा तोच!' कात्र्या घेऊन असे तुटून पडले, की दवाखान्यात भरती व्हायची वेळच आली नाही!"

रांगेतला ट्रकवाला दुमडलेली बाही खाली करत उठला. "मग झालं की! आत शिंपी बसलेत, तर सुई कशाला?"

त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं उठले.

"आजोबा!" सिस्टर कडाडल्या. "माझी रांग मोडायला आलात का?"

घ्या! एकीला बसवायला गेलो, तर अख्खी रांग उठली!

"थांबा रे बाबांनो! शिंप्याच्या हातालाही गंज चढतो. वर्षभर काम नसलं की मीसुद्धा बाही उलटी जोडतो. पहारेकरी तर पेंगतातच. नवी सुई म्हणजे त्यांना हलवून जागं करायचं, नवा कोट दाखवून ठेवायचा. चोर शिरणारच नाही असं नाही. पण घर धुऊन नेणार नाही. आणि ज्याची छाती आधीच उसवलेली, त्यानं तर..."

मी दाराशी पोचलेल्या बायकोकडे पाहिलं.

ट्रकवाला हळूच खाली बसला. "तापात फार सोसलंत हो, आजोबा."

"विचारू नका! अंगावर इस्त्री तापली असती! पण मी हूं की चूं केलं नाही!"

"अहो!" बायको दारातून गर्रकन वळली. "ताप मला आला होता! तुम्ही दाराबाहेर बसून हुंदके देत होतात. सरका, माझा नंबर आलाय."