चिंगीचं डोहाळेजेवण

जनावर गाभण आहे की नाही हे ओळखायला भाईदासआबांना डॉक्टर लागत नसे! अमळनेरकडे त्यांनी जन्मभर म्हशी सांभाळल्या होत्या. आता मुलाकडे पिंप्राळ्यात म्हशी नव्हत्या, पण खुमखुमी होती. एके दिवशी घरच्या चिंगी कुत्रीने सगळ्यांच्या चपला ओढून पलंगाखाली बिछाना केला. आबांनी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि निकाल दिला.

"गाभण शे! याच पलंगखाल पिल्ला होतीन!"

"आबा, एकदा सोनोग्राफी करू या," सून मयुरी म्हणाली. "कुत्र्यांना कधी कधी नुसताच भास होतो म्हणे."

"मन्हा डोया शेतस ना!" आबांनी स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात शेजारच्या यशोदाबाई त्यांची कुत्री गंगी घेऊन आल्या. "आबा, हिचंही पोट सुटलंय, बघा ना."

आबा खुर्चीतून उठलेही नाहीत. "ही नुसती खाईखाई फुगनी. भाकर कमी करा!"

झालं! चिंगीच्या पिल्लांसाठी अख्खी गल्ली नंबर लावू लागली आणि आबांनी झाडून सगळ्यांना शब्द दिला. तो खोटा पडला असता तर ओट्यावर बसायची सोय उरली नसती! गल्लीने चिंगीला भरीत-पुरी चारली. तिचं पोट वाढलं, आबांची छाती त्याहून जास्त. आबांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, तर डोहाळेजेवणच मांडलं.

चिंगी गजरा घालून पाटावर बसली. बायका जमल्या, शिरा झाला. मयुरीने मात्र न राहवून जनावरांच्या डॉक्टरांना मशीनसकट बोलावलं होतं. त्यांनी चिंगीच्या पोटावर मशीन फिरवलं.

"पिल्लू एकही नाही. शिरा भरपूर आहे!"

सगळ्या बायका आबांकडे बघू लागल्या. आबा छताकडे बघू लागले. त्यांना खरंच रडू येत होतं.

आणि पलंगाखालून आवाज आला. कुंई!

शिऱ्याच्या वासाने आत शिरलेली गंगी चपलांच्या बिछान्यावर आडवी झाली होती, आणि एकामागून एक पिल्लू येत होतं! चिंगी गजऱ्यासकट धावली आणि पिल्लांना आपलीच असल्यासारखी चाटू लागली.

"अहो आबा, हिची भाकरी तोडलीत की हो तुम्ही!" यशोदाबाई कडाडल्या.

"आते काय करशात?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

आबांनी घसा खाकरला. "मी काय सांगेल व्हतं? याच पलंगखाल होतीन. व्हयनात ना!"

आणि गंगीसाठी शिऱ्याची वाटी घेऊन ते लगबगीने पलंगाखाली शिरले. यशोदाबाई घरी जाईपर्यंत काही बाहेर आले नाहीत.